भरली गाडी आणि उतार

नवे वाहन घेतलेल्या माणसाला लोक जे प्रश्न विचारतात ते ठरलेले असतात. ‘केवढ्याला पडले?’ हा पहिला. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा दुसरा. आणि वाहन मालाचे असेल तर ‘ओढते किती?’ हा तिसरा. आमच्याकडे हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घेतानाही निराळे काही घडत नाही. दात पाहतात, खूर पाहतात, खांद्यावर थाप मारतात, पाठीवरून हात फिरवतात आणि सौदा जुळत आला म्हणजे ‘ओढायला कसा आहे?’ असे विचारतात. ‘थांबायला कसा आहे?’ असे विचारणारा माणूस चाळिशी उलटली तरी मला भेटलेला नाही. मीही तो प्रश्न कधी कोणाला विचारला नव्हता. मला तो आमच्या घरच्या तुळशीवृंदावनाने विचारला.

त्याचे असे झाले. २०२३ ची दिवाळी. ९ नोव्हेंबरला वसुबारस होती. शाळेला सुटी लागलेली. सहकुटुंब अहमदपूरला जाऊन दिवाळीचा बाजार केला आणि फटफटीवरून गावी परतलो. फटफटीवर मी, माझ्या पुढे टाकीवर धाकटा, मागे थोरली, तिच्या मागे तिची आई. आईच्या मांडीवर रव्यामैद्याची पिशवी, हँडलच्या दोन्ही अंगांना दोन पिशव्या आणि मागच्या कॅरिअरला दोरीने आवळलेला तेलाचा पंधरा किलोचा डबा. फटफटीवर दोनच माणसांनी बसावे असा कायदा आहे हे मला ठाऊक आहे; पण कायदा करणारांना एकाच फेरीत दिवाळीचा बाजार उरकावा लागत नसावा.

आमच्या घरापुढे थोडासा उतार आहे. रोज शाळेतून येताना मी ज्या ठिकाणी ब्रेक दाबतो, त्याच ठिकाणी तो दाबला. रोज जेवढा दाबतो तेवढाच दाबला. पण त्या दिवशी गाडीने ऐकले नाही. ती दारातून सरळ अंगणात शिरली आणि वृंदावनाचा एक कोपरा उडवून मग थांबली. कोणाला खरचटलेही नाही. तेलाचा डबा तेवढा चेपला. आवाज ऐकून आई बाहेर आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, ‘‘अरे, तुळशीचं लग्न तोंडावर आलं आणि तू तिचं घरच मोडलंस की!’’

बायको आधी काही बोलली नाही. तिने मुलांना खाली उतरवले, डब्यातून तेल गळते का ते पाहिले आणि मग अगदी शांतपणे म्हणाली, ‘‘अहो, ओझं चौघांचं आणि ब्रेक एकट्यापुरता. दुसरं काय व्हायचं?’’

दुसऱ्या दिवशी मी गाडी ढकलत गॅरेजवर नेली. गॅरेजवाल्याने चाक खोलून ब्रेकचे लायनर माझ्या डोळ्यांपुढे धरले. ‘‘ह्यात काय ऱ्हायलंय गुरुजी? एकटं फिरताना कळत न्हाई. वझं पडलं की कळतं.’’ पाडव्याच्या आत गाडी मिळणार नाही असेही त्याने सांगितले. बायकोचे ते एक वाक्य आणि ह्याचे हे एक, अशी दोन वाक्ये डोक्यात घेऊन मी पायी घरी आलो. वाटेत मला आमच्या दादांची आठवण झाली.

दादा म्हणजे माझे वडील. त्यांची स्वतःची बैलजोडी आणि गाडी होती. स्वतःच्या रानातला माल तर ते नेतच, पण गावचीही ज्वारी, कडबा, सरकी भाड्याने पोचवीत. गाडी भरणे ही एक विद्या आहे हे मला त्यांच्याकडे पाहून कळले. ओझे फार पुढे आले तर ते बैलांच्या मानेवर बसते. फार मागे गेले तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. म्हणून पोती चढवताना दादा सारखे दांडी हलवून पाहत. चाकाची धाव सैल आहे का पाहत, वंगण पाहत. आणि एवढे सगळे करून गाडी निघाली की आपण पुढे बसून निवांत चिलीम ओढीत.

पण उतार आला की दादा खाली उतरत. चढाला नव्हे, उताराला. गाडीत आम्ही पोरे असलो तर आम्हालाही खाली उतरवीत. झोपलेल्या पोराला उठवून उतरवीत. मग एका हाताने कासरा आखडून धरीत, दुसरा हात जुवावर ठेवीत आणि बैलांच्या बाजूने, त्यांच्याशी काहीतरी पुटपुटत, पाऊल पाऊल उतरत. लहानपणी मला हे उलटे वाटे. मी एकदा विचारलेही, ‘‘दादा, चढाला बैल दमतात, तेव्हा उतरावं की! उताराला तर गाडी आपोआप जाते.’’

दादा म्हणाले, ‘‘चढाला गाडी बैलाची असती रे. उताराला गाडी वझ्याची असती.’’

मला तेव्हा काही कळले नाही. मी बैलांकडे पाहत राहिलो. जू मानेवरून सरकून शिंगांच्या मुळाशी जाऊन टेकले होते. बैलांनी माना वर करून, मागचे पाय पोटाखाली घेऊन, खुरांनी जमीन धरली होती. त्यांच्या डोळ्यांतला पांढरा भाग दिसत होता. चढावर मी त्यांना पुष्कळदा फेस गाळताना पाहिले होते, पण असे घाबरलेले कधी पाहिले नव्हते. त्या गाडीला निराळा ब्रेक नव्हता. ते दोन बैल हाच तिचा ब्रेक होता. जे ओढत होते, तेच थोपवीतही होते.

दादा गेले. बैल त्याआधीच विकले गेले होते. गाडीची दोन चाके पुष्कळ दिवस गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. पुढे तीही गेली. दादांच्या त्या वाक्याचा अर्थ मला लागला तो वृंदावन फोडल्यानंतर दोन दिवसांनी, ११ नोव्हेंबरच्या रात्री.

माझ्या नव्या कादंबरीची मुद्रिते आणायला मी लातूरला गेलो होतो. फटफटी गॅरेजात, म्हणून एस.टी.ने. दिवाळीची गर्दी काय असते ते वाचकांना सांगायला नको. संध्याकाळी लातूरच्या स्थानकावर तीन गाड्या डोळ्यांदेखत भरून गेल्या. चौथीत उभ्याने जागा मिळाली. चाकूर, शिरूर ताजबंद करीत अहमदपूरला पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. तिथून आमच्या गावाकडे जायला काही म्हणजे काही नव्हते. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. त्या साली चतुर्दशीचे पहाटेचे स्नान आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, १२ तारखेला आलेले. घरी पोरे जागी असणार. मी मुद्रितांचे भेंडोळे काखेत मारून लोह्याच्या रस्त्याला चालू लागलो.

मागून गाण्याचा दणदणाट ऐकू आला. ऊस भरलेला ट्रॅक्टर. त्या साली गाळपाचा हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला होता आणि रस्त्याने उसाची वाहने वाहू लागली होती. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही शिगोशीग भरलेल्या, वर वाढे लोंबताहेत. ट्रॅक्टर माझ्यापुढे जाऊन थांबला. गाणे बंद झाले.

‘‘गुरुजी न्हवं? ह्या टायमाला कुठं चाललाव? बसा की वर.’’

माझाच एक जुना विद्यार्थी. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली होता. गणितात कच्चा. पाढे म्हणताना तेरापाशी हमखास अडकायचा आणि मी त्याला ‘तेरावा महिना’ म्हणायचो. आता तिशीचा झाला असेल. मी चिखलफळीवर बसलो, लोखंडी दांडा धरला आणि आम्ही निघालो. गाणे पुन्हा सुरू झाले.

आमचा हा मुलूख वरून सपाट दिसतो, पण तो सपाट नाही. नांदेड गोदावरीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर; लातूर त्याहून दीडशे मीटरांहून अधिक उंच. मध्ये बालाघाटाच्या रांगा. म्हणजे लातुराहून नांदेडला जाणारा माणूस, मधले चढ कितीही लागोत, एकंदरीत उतरतच असतो. आमच्या गावाच्या अलीकडेही असाच एक उतार आहे. सह्याद्रीचे घाट पाहिलेल्या माणसाने त्याला हसावे, एवढाच. फटफटीवरून मी तो कितीदा गाणे गुणगुणत उतरलो आहे.

त्या उताराच्या माथ्यावर ट्रॅक्टर थांबला. गाणे बंद झाले. पोरगा खाली उतरला. हातात विजेरी घेऊन त्याने दोन्ही ट्रॉल्यांच्या पिना पाहिल्या, हलवून पाहिल्या, टायरांवर लाथा मारल्या. मग परत येऊन पायापाशी वाकला. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पाय असतात; एक डाव्या मागच्या चाकाचा, एक उजव्या. रानात वळताना एकच चाक धरता यावे म्हणून ते निराळे ठेवलेले असतात. रस्त्यावर दोन्ही एका पट्टीने जोडून घ्यावे लागतात. नाहीतर एकच चाक धरले जाते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. ती पट्टी त्याने पुन्हा एकदा दाबून पाहिली.

साडेअकरा होत आले होते. मला धीर नव्हता. ‘‘अरे, चल की लवकर. पहाटे आंघोळीला उठायचंय.’’

‘‘उठायचंय म्हणूनच थांबलो गुरुजी.’’

त्याने खालचा गिअर टाकला आणि आम्ही उतरू लागलो. माणूस चालतो त्या चालीने. इंजिन घुमत होते, मागून रेटा येत होता आणि इंजिन तो रेटा अडवून धरत होते. त्याचा पाय ब्रेकवर फारसा नव्हताच. मध्येच तो दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा.

‘‘ज्या गिअरात चढावं त्याच गिअरात उतरावं,’’ तो म्हणाला. ‘‘ब्रेक दाबून धरला की तापतो, तापला की धरत न्हाई. इंजिनाला मागं रेटू द्यायचं. बैल कसा मागं रेटतो, तसं.’’

‘‘आणि गाणं का बंद केलंस?’’

‘‘उताराला गाडी काय म्हणती ते ऐकावं लागतं.’’

मी म्हणालो, ‘‘पण मागच्या ट्रॉल्यांनाही ब्रेक असतील ना?’’

तो हसला. ‘‘ह्यांला कुठले? जुन्या ट्रॉल्या ह्या. ब्रेक हायत ते माझ्या बुडाखालच्या दोन चाकांना. आता हिशोब तुमीच करा. ऊस, ट्रॉल्या, ट्रॅक्टर धरून वीस टन असंल. त्यातलं ह्या दोन चाकांवर किती? दोन-तीन टन. चाक रस्ता धरतं ते त्याच्यावर जेवढं वजन असंल तेवढंच. म्हंजे ज्याच्या अंगावर वझं, त्याच्या पायात ब्रेक न्हाई; आन् ज्याच्या पायात ब्रेक, त्याच्या अंगावर वझं न्हाई. मी जोरात दाबला तर मी थांबीन, मागचं थांबणार न्हाई. ते मला ढकलंल आन् अडकित्ता मिटावा तसं सगळं मिटंल. मी मधी सुपारी.’’

तेरापाशी अडकणारा हा पोरगा. इतका स्वच्छ हिशेब मी वर्गात कधी मांडला असेन असे मला वाटत नाही.

उतार संपला. त्याने ट्रॅक्टर कडेला घेतला, खाली उतरून ब्रेकच्या जागेजवळ हात नेऊन ऊब पाहिली, आणि तिथेच दगडावर बसला. मीही उतरलो. अमावास्या तोंडावर आलेली. सगळीकडे मिट्ट काळोख. लांब कोणाच्या तरी वस्तीवर आकाशकंदील दिसत होता.

‘‘गुरुजी, तीन वर्साखाली ह्याच उताराला माझी गाडी गेली हुती,’’ तो म्हणाला.

मी काही बोललो नाही.

‘‘मालक खेपेवर पैसे द्यायचा, आन् डिझेल मोजून द्यायचा. सगळेच उताराला गिअर काढायचे. न्यूट्रल केली की आपोआप पळती. खेपेला अर्धा लिटर वाचतं. मीबी काढला. रोजच काढायचो. त्या दिशी वझं जास्ती हुतं. अर्ध्यात आल्यावर वाटलं, लईच पळाया लागली. गिअर टाकाया गेलो तर पडंना. ब्रेक दाबला, जळका वास आला, आन् ट्रॅक्टरचं बूड आडवं सरकाया लागलं. म्हणून मग नांगरट रानात घातली. ट्रॅक्टर रुतून थांबला. मागची ट्रॉली पालथी झाली.’’

‘‘तुला लागलं नाही ना?’’

‘‘मला कशाचं लागतंय? मी ब्रेकच्या जागी बसलेलो.’’ तो थोडा थांबला. ‘‘ट्रॉलीवर माझी बहीण हुती. ऊस भरून झाल्यावर मीच तिला म्हणलं, चालत कशाला जातीस, बस वर. तिनं उडी टाकली. मांडीवर पोरगी हुती तिची, ती लांब फेकली गेली. पाय मोडला. सांधला, पर जरा आखूड ऱ्हायला.’’

मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘‘तुमच्याच वर्गात हाय आता. जूनपासून. बहीण-दाजी तोडीला जातात, पोरगी आजीपाशी ऱ्हाती वस्तीवर. तुमी तिला उशीर होतो म्हणून दाराशी उभं करता ना, तीच.’’

वाचकहो, ह्या वाक्यात तक्रार नव्हती. असती तर मला काहीतरी उत्तर देता आले असते. ती मुलगी लंगडते हे मला दिसत होते. वस्ती शाळेपासून दीड-दोन किलोमीटर आहे हेही मला माहीत होते. हजेरीपटावर तिच्या वडिलांचे आडनाव होते, त्यामुळे ही ह्याची भाची हे मात्र माहीत नव्हते. पण ते माहीत असण्याची काय गरज होती? दोन गोष्टी मला ठाऊक होत्या आणि त्या मी एकमेकींशेजारी ठेवून कधी पाहिल्या नाहीत. जूनपासून दिवाळीपर्यंत ती रोज दाराशी उभी राहिली आणि रोज मी तिला एकच वाक्य ऐकवले : ‘‘जरा पाय उचलत जा.’’

‘‘तिनं मला कधी सांगितलं नाही रे,’’ मी म्हणालो.

‘‘तुमी कवा विचारलं?’’ असे तो म्हणाला नाही. तो एवढेच म्हणाला, ‘‘ती कुणालाच काई म्हणत न्हाई. मलाबी न्हाई. बहीणबी न्हाई. म्हणूनच मी तिकडं जात न्हाई. तीन भाऊबिजा झाल्या. ताट पुढं आलं की काय तोंडानं बसावं?’’

गावच्या फाट्यावर मी उतरलो. निरोप घेताना मला काहीतरी बोलायला हवे होते. पण शिक्षकाच्या तोंडी जी वाक्ये तयार असतात त्यांतले एकही मला त्या वेळी चांगले वाटले नाही. मी म्हणालो, ‘‘बहिणीची टोळी कधी निघणार आहे?’’

‘‘भाऊबीज झाली की.’’

‘‘मग अजून आहे ती,’’ मी म्हणालो. त्याने मान हलवली. ट्रॅक्टर निघून गेला. गाणे पुन्हा लागले की नाही हे ऐकायला मी बराच वेळ उभा होतो. ते लागले नाही.

पहाटे चारला उठून बंब पेटवला. आमच्याकडचा तांब्याचा बंब वीस लिटरांचा. तो तापायला अर्धा तास तरी लागतो. बंबात गोवऱ्या सारता सारता मी एक हिशेब मांडला. गणिताशी माझा संबंध मॅट्रिकपर्यंतचा, पण एवढे त्यात बसते. वीस टनांचे ओझे शंभर मीटर उंचीवरून खाली आले तर त्यातून जेवढी उष्णता निघते, तेवढ्यात सुमारे साठ लिटर थंड पाणी उकळते. म्हणजे तीन बंब पाणी. गिअर घातलेला असला तर त्यातला मोठा वाटा इंजिन उचलते. गिअर काढला की ती सगळी उष्णता ब्रेकच्या पोटातल्या चार लोखंडी तुकड्यांनी गिळायची, आणि तीही दोन-चार मिनिटांत. वेग दुप्पट झाला तर थांबायला अंतर चौपट लागते हे तर निराळेच. वेग वाढला आहे असे माणसाच्या लक्षात येते तोवर हिशेब हाताबाहेर गेलेला असतो.

आमचा उतार लहानसा, म्हणून तिथली गोष्ट नांगरटीत संपली. पुण्याला कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा लांब उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका, असे तिथे चालकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. मोठ्या ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो आणि ती हवा भरणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिनच बंद केले तर दर वेळी ब्रेक दाबला की साठलेली हवा कमी होते, नवी येत नाही. अर्ध्या लिटराची बचत अशी कुठवर जाते पाहा.

हवेच्या ब्रेकची एक गोष्ट तेव्हापासून मी दर वर्षी वर्गात सांगतो. अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाउस ह्यांनी १८६९ साली आगगाडीसाठी हवेचा ब्रेक काढला. इंजिनातून नळीवाटे हवा सोडायची, तिच्या दाबाने डब्यांचे ब्रेक लागायचे. त्यात एक खोट होती. नळी फुटली, डबे सुटले, तर ब्रेक लागायचेच नाहीत. म्हणजे जेव्हा सर्वांत गरज, तेव्हाच नेमके नाहीत. १८७२ साली त्यांनी सगळे उलटे करून टाकले. आता हवेचा दाब ब्रेक लावत नाही, तो ब्रेक उघडा धरून ठेवतो. दाब गेला की ब्रेक आपोआप लागतात. नळी तुटली तर गाडी पळत नाही, थांबते. शिवाय ब्रेक प्रत्येक डब्याला निराळा. ज्याच्या अंगावर ओझे, त्याच्या पायात ब्रेक.

लातूरकरांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे, पण आमचे लक्ष दुसरीकडे होते. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी आली. १२ एप्रिलला पहिली गाडी आली ती दहा वाघिणींची, पाच लाख लिटर पाणी घेऊन. पुढे पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरांची येऊ लागली. पंचवीस लाख लिटर म्हणजे नुसते पाणीच अडीच हजार टन! ती आली ह्याचे आम्हाला अप्रूप. आपल्या गावी पाणी आगगाडीने यावे ह्याची लाजही थोडी वाटे. पण अडीच हजार टन पाणी हिंदकळवत आलेली गाडी फलाटाशी अलगद थांबते कशी, हे कोणाच्या मनातही आले नाही. मालगाडीच्या पुष्कळशा वाघिणींना एक दांडी असते. वाघीण भरलेली असली तर ती एका बाजूला, रिकामी असली तर दुसऱ्या बाजूला. भरलीला ब्रेक जोरात लागला पाहिजे. तोच जोर रिकामीला लावला तर चाके जागच्या जागी आवळली जातात आणि रुळावरून घसरत जातात. म्हणजे थांबवणाऱ्याने आधी विचारले पाहिजे : बाई, तू भरलेली आहेस की रिकामी?

मला ती दांडी फार आवडली. २०१८ साली सरकारने दोन आसांच्या ट्रकची वजनाची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली, तेव्हा बातमी वाचून आम्ही सगळे म्हणालो, चला, आता माल जास्त जाईल. ओढण्याचे आकडे छापून येतात. थांबण्याचे छापून येत नाहीत. शाळेतही मी तेच करत आलो होतो. कोण किती वेगाने पाढे म्हणतो, कोण किती लवकर येतो. कोण किती ओझे घेऊन येतो ह्याची दांडी मी कधी हलवून पाहिली नाही.

पाडव्याला फटफटी मिळाली. भाऊबिजेला सकाळी बायकोला तिच्या भावाकडे घेऊन निघालो. पुन्हा चौघे, पुन्हा पिशव्या, फराळाचे डबे. येताना उताराच्या माथ्यावर मी गाडी थांबवली. ‘‘काय झालं?’’ बायकोने विचारले. ‘‘उतरा,’’ मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले, मग कॅरिअरला आवळलेल्या डब्यांकडे पाहिले, आणि काही न बोलता मुलांना खाली उतरवले. तिघे कडेकडेने गप्पा मारत उतरू लागली. मी गिअरात गाडी घालून त्यांच्या चालीने शेजारून उतरलो. धाकट्याने विचारले, ‘‘बाबा, उताराला का उतरायचं? चढाला उतरायचं की!’’

मी त्याला दादांचे उत्तर दिले. त्याला ते कळले नाही. कळायला अजून वेळ आहे.

सुटी संपून शाळा उघडली. वर्गात पोरे निम्मीच. बाकीची आईबापांबरोबर कोयत्यामागे गेलेली. आमच्याकडे दिवाळीनंतरचा हजेरीपट असाच असतो. प्रार्थना झाली, हजेरी झाली, आणि मग ती दाराशी आली. सवयीने तिथेच उभी राहिली. अंगात नवा कोरा फ्रॉक होता. निळा, पांढऱ्या फुलांचा, आणि दोन बोटे लांब. घेणाराने पोरीला बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते हे उघड होते.

‘‘छान आहे गं. कोणी घेतला?’’

‘‘मामानं,’’ ती म्हणाली.

उशीर का झाला हे मी विचारले नाही. आमच्या वर्गाचा उंबरा जरा उंच आहे.

‘‘ये,’’ मी म्हणालो, ‘‘सावकाश ये.’’